सोनकांबळे सरांचं सोनं

पान तळहातावर पडलं, आणि ते खरं आहे हे आनंदराज सोनकांबळेंच्या अंगठ्याला आधी कळलं, डोळ्यांना नंतर. जाड, चामड्यासारखं, लांबीपेक्षा रुंदीनं जास्त, आणि खालच्या अंगाला ती बारीक पांढुरकी लव. कांचनाच्या पानाला ती नसते. ते मोठं, पातळ, गुळगुळीत, हातात आलं की लगेच मान टाकणारं. लातुरात दसऱ्याला सोनं म्हणून जे वाटलं जातं ते बहुतेक कांचनच. हे मात्र आपट्याचं होतं. पान देणारी रेणुका पाया पडून उठली आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली, फळ्यावरचं गणित सोडवून झाल्यावर राहायची तशी.

“सोनं घ्या सर, सोन्यासारखं राहा,” ती म्हणाली, आणि मग न राहवून, “खालून हात लावून बगा की. कांचन न्हाई.”

“शाब्बास,” आनंदराज म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तो सवयीनं गेला. सगळी नोकरी वर्गात काढलेला माणूस. बरोबर उत्तर आलं की हा शब्द आपोआप जिभेवर यायचा, त्यासाठी मनाला काही करावं लागत नसे. रेणुकाचा चेहरा फुलला. ती उड्या मारत जिना उतरून गेली आणि खाली गेटाशी थांबलेल्या कुणाला तरी ओरडून म्हणाली, “सर शाब्बास म्हणले!” तेव्हा कुठं आनंदराजांनी देठाकडं नीट पाहिलं. देठाला सालीचा एक ओला पट्टा चिकटून आला होता. पान खुडलेलं नव्हतं. फांदी ओढली, ती मोडली, आणि मोडलेल्या फांदीवरून पान निघालं, तेव्हा साल अशी सोबत येते. आणि या सगळ्या बाजूला खरा आपटा एकच होता. रिंग रोडच्या पलीकडं, म्हाताऱ्या नागुबाईच्या शेताच्या बांधावर. तो मुलांना दाखवला कुणी, हे त्यांना कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

“चला की ओ,” आतून तारामतीबाई म्हणाल्या. पांढरी साडी नेसून त्या केव्हाच्या तयार होत्या. धम्मचक्राच्या दिवशी विहारात पहिल्या रांगेत जागा मिळावी असा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. “आजच्या दिवस तरी कुणाला मार्क देऊ नका.” पण निघणं झालं नाही, कारण मुलं येत राहिली. एकापाठोपाठ एक, निवृत्तीनंतर ते शाळेत दर शनिवारी झाडांचा जो वर्ग घेत त्यातली सगळी, आणि प्रत्येकाच्या हातात तेच जाड, लव असलेलं पान. टीपॉयवर ढीग झाला. सगळ्यात शेवटी वीरेश आला, ज्याच्या पोटात कुठलीच गोष्ट घटकाभर टिकत नाही असा. “सर, चौकात तुमचं नाव गाजायलंय! रेणीचे पप्पा गाड्यावर उभारून वरडायलेत, सोनकांबळे सरांचं सोनं, तपासून घ्या, तपासून घ्या!” त्यानं व्यंकटीची, रेणुकाच्या फुलंवाल्या बापाची, नक्कल अशी हुबेहूब केली की तारामतीबाई खळखळून हसल्या. आनंदराजही हसले. नंतरच्या दिवसांत त्यांना सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते हेच, की आपण हसलो. ‘शाब्बास’ सवयीनं निघालं असं म्हणता आलं असतं. पण हसले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं, देठाची ओली साल पाहून झालेली होती, आणि तरी आपलं आडनाव चौकात ओरडलं जातंय हे ऐकून पोटातून काहीतरी गोड वर आलं होतं.

विहारात ते डोळे मिटून बसले. सगळ्यांच्या सोबत पंचशील म्हणताना ओठ हलत होते आणि हाताला आपट्याचा वास येत होता, किंचित तुरट, कच्च्या लाकडाचा. प्राण्यांची हिंसा करणार नाही, असं म्हणताना झाड त्यात धरतात की नाही हा एक मास्तरी प्रश्न मनात आला आणि त्यांनी तो हाकलला. त्यांना तो शनिवार आठवायचा होता, शब्दन् शब्द. मुलांना रांगेनं रिंग रोड ओलांडून नेलं होतं. त्याच्या आधीच्या शनिवारी शाळेच्या आवारातली झाडं झाली होती, गुलमोहर, नीलमोहर, रेनट्री. दिसायला सगळी सुंदर, पण इथली नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं. इथली नाहीत म्हणजे काय, तर इथल्या अळीला त्यांचं पान ओळखू येत नाही. अळी नाही तर पाखरानं पिलाला काय चारायचं? दाणा मोठ्या पाखराला चालतो, पिलाच्या चोचीत अळीच लागते. मग पाखरू त्या झाडावर येतं, बसतं, आणि उपाशी उठून जातं, लग्नाच्या मांडवात जेवण नसल्यासारखं. मुलं हसली होती. ते हसू त्यांना आवडायचं. हसलेल्या पोराच्या डोक्यात गोष्ट राहते. आणि मग बांधावरच्या त्या वाकड्या, काळपट खोडाच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी पिशवीतून कांचनाचं पान काढलं होतं, आपट्याचं एक गळालेलं पान त्याच्याशेजारी धरलं होतं, आणि म्हणाले होते, तुमच्या घरी दरसाल दसऱ्याला जे येतं ते हे. आणि सोनं आहे ते हे. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एकमेकांना काय देत आलात?

“खोटं सोनं!” वर्ग एका आवाजात ओरडला होता.

मग गृहपाठ. या दसऱ्याला घरी जे जे पान येईल ते तपासायचं, खरं की खोटं, आणि आणणाऱ्याला सांगायचं. मुलांनी तो गृहपाठ असा मन लावून केला होता की कॉलनीतल्या बायका दसऱ्याच्या आधीच हैराण झाल्या होत्या. बाजारात पोरगं आईचा पदर ओढून म्हणे, हे घेऊ नको, हे खोटं हाय. शेजारच्या काकूंनी आनंदराजांना जिन्यात गाठून सांगितलं होतं, सर, तुमच्यामुळं औंदा सोनंसुद्धा पारखून घ्यायची पाळी आली. त्या वेळीही ते हसलेच होते. हे सगळं त्यांना आठवत होतं, कांचनाच्या पानाची कड किती वाळलेली होती तेसुद्धा. आठवत नव्हतं ते एकच. या झाडाचं पान तोडायचं नाही, हे वाक्य. म्हटलं असेलच, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. झाडावर शिकवणारा माणूस ते म्हणाल्याशिवाय राहील कसा? पण ते वाक्य कुठं उभं राहून म्हटलं, कुणाकडं बघून म्हटलं, ते काही केल्या सापडेना. भन्ते प्रवचन देत होते. आनंदराज त्या दुपारच्या उन्हात पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहत होते आणि दर वेळी त्याच जागी, ‘खोटं सोनं’ या आरोळीपाशी, येऊन थांबत होते. त्या आरोळीच्या पुढं काहीच नव्हतं. त्या आरोळीनं त्यांना बरं वाटलं होतं, फार बरं, आणि का ते त्यांना ठाऊक होतं.

उदगीरच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. दसऱ्याच्या संध्याकाळी गाव शिलंगणाला जाई आणि परतताना हातात ती पानं घेऊन घरोघरी फिरे, लहान मोठ्याच्या पाया पडे, मोठा लहानाला पोटाशी धरी. वस्तीकडं कुणी वळत नसे. वस्तीतलीही कुणी तिकडं जात नसत. धर्म बदलल्यापासून वडिलांनी तो दिवस निळ्या झेंड्याचा केला होता आणि घरात गोडाचं होई ते त्या झेंड्यासाठी. पण सात-आठ वर्षांच्या पोराला झेंडा रोजचाच, पान नवं. वाटेवर सांडलेलं एक त्यानं उचलून आणलं होतं. पायांखाली येऊन चुरगळलेलं, दोन पाकळ्यांचं, गाईच्या खुरासारखं. वडील बाजेवर बसले होते. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “फेक ते. ते आपलं न्हाई.” त्यानं फेकलं. आणि मग कितीतरी वर्षांनी, उदगीरच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या टेबलावर, शिरा मोजायला म्हणून तेच पान समोर आलं. प्राध्यापकांनी त्याचं लॅटिन नाव सांगितलं. आनंदराजांनी ते नाव वहीत लिहिलं आणि त्या दिवशी बसनं गावी जाताना मनात घोकत राहिले. वाटेतल्या माळावर उतरत्या उन्हात तसली दोन झाडं दिसली तेव्हा ती त्यांना ओळखू आली, आणि बसमधल्या दुसऱ्या कुणालाही ती ओळखता येणार नाहीत, असं वाटून त्यांचा ऊर भरून आला. ज्यांचं ते सोनं होतं त्यांना ते ओळखू येत नव्हतं. ओळखू येत होतं ते आनंदराजांना. पुढं आयुष्यभर त्यांनी मुलांना झाडं शिकवली ती प्रेमानंच. त्यात खोट नव्हती. पण बांधावर उभं राहून ‘इतकी वर्षं तुम्ही काय देत आलात’ हे विचारताना जो गोडवा जिभेवर आला तो झाडाच्या प्रेमाचा नव्हता. तो त्या वाटेवरच्या पोराचा होता. आणि त्या गोडव्यात, तोडू नका, हे साधं वाक्य सांगायचं सुचलंच नाही, कारण त्या घटकेला त्यांच्या मनात झाड नव्हतंच, समोरची हरलेली माणसं होती. ती माणसं म्हणजे सहावी-सातवीतली पोरं होती. गुडघे खरचटलेली, डबा हातात धरून उन्हात उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधावर गेले. रस्ता ओलांडताच जमिनीवर पानं दिसायला लागली, एखाद्या लग्नघरामागं अक्षता सांडाव्यात तशी. झाड उभं होतं. निदान खोड उभं होतं. खालच्या झुकलेल्या फांद्या, ज्यांच्यावर मुलांचे हात पोचत होते, त्या नव्हत्या. वरच्या, ज्यांच्यावर फक्त कोयता पोचतो, त्याही नव्हत्या. एक जाड फांदी पुरती न तोडता ओढून काढली होती आणि तिच्यासोबत साल थेट बुडापर्यंत सोलून आली होती. आतलं लाकूड ताजं, लालसर, ओलसर दिसत होतं. त्यावर मुंग्या लागल्या होत्या. दोन शेळ्या पडलेली पानं खाण्यात गुंग होत्या. आनंदराजांनी सोललेल्या जागेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“या सर, बसा,” नागुबाई म्हणाली. म्हातारी बांधाच्या कडेला पदर डोक्यावरून ओढून बसली होती. “बसायला सावलीच न्हाई ठेवली बगा लेकरांनी.” आणि ती हसली, दात नसलेलं, मोकळं हसू.

“तुम्ही अडवलं नाही?”

“अडवू कशी? आदी लेकरं आली. म्हणली, आजी, खरं सोन्याचं झाड हेच, सरांनी दावलंय. म्हणलं न्या बाबा दोन डहाळ्या, सणाचं हाय. मग दुपारी मोठी माणसं आली कोयते घिऊन. त्येबी म्हणायलेत, सोनकांबळे सरांनी दावलंय. सरांनी दावलंय म्हणल्यावर म्या कोण न्हाई म्हणणारी?” तिनं शेळीला हुसकावलं. “सावलीपुरतं तरी ठिवा म्हणलं. पर कोयत्याला कुठं ऐकू येतंय.”

“तुम्हाला माहीत होतं का, हा आपटा आहे म्हणून?”

“मला ओ काय माहीत? बांधावरचं झाड म्हणायचो आमी. तुम्ही सांगितलं तवा कळलं.” मग तिनं विचारलं, “फुटंल का ओ आता?”

“फुटेल,” आनंदराज म्हणाले. “आपटा चिवट असतो. पाऊस झाला की बुडातून फुटेल.”

“मग झालं की,” नागुबाई म्हणाली आणि तिला खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. त्यांना वाटलं नाही. फुटेल, पुढच्या दसऱ्यापर्यंत चांगली हातभर डहाळी येईल, आणि लोक पुन्हा येतील. आता रस्ता माहीत झाला होता. इतकी वर्षं ते झाड या गावात सुखानं जगलं ते कुणाला त्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून. बांधावरचं झाड, एवढीच त्याची ओळख होती आणि तेवढी त्याला पुरत होती. नाव दिलं आनंदराजांनी. नाव कळलं की माणूस जपतो, असं ते शिक्षकांच्या बैठकांतून सांगत आले होते, टाळ्या घेत आले होते. त्यांनी नागुबाईला हात जोडले. “माफ करा,” असं म्हणावंसं वाटलं, पण तिनं ते कशाबद्दल म्हणून विचारलं असतं आणि मग सगळं सांगावं लागलं असतं, त्या वाटेवरच्या पोरापासून. ते नुसते हात जोडून निघाले. म्हातारीला वाटलं, सर दसऱ्याचा नमस्कार करायलेत. तिनं उठून, वाकून, जमिनीवरचं एक पान उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

चौकात व्यंकटीचा गाडा उभा होता. सुकलेल्या झेंडूचा ढीग एका बाजूला, दुसऱ्या बाजूला आपट्याच्या उरलेल्या जुड्या, कडा वळलेल्या. आनंदराजांना वळून दुसऱ्या गल्लीनं जायचं होतं, पण व्यंकटीनं लांबूनच पाहिलं. “सर! ओ सर! इकडं या की.” त्यानं टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. “च्या घेतल्याबिगर सोडत न्हाई आज. औंदा कांचन कुणी हातात धरीना बगा. ज्यो त्यो इचारायलाय, सरांचं हाय का? बाया तर पान उलटं करून खालून बोट फिरवायल्यात, सराफकट्ट्यावर आल्यावानी!”

“झाड कुणी दाखवलं तुला?” त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

“आमच्या रेणीनं की ओ. मला म्हणली, पप्पा, तुम्ही इकायलाव त्ये खोटं हाय. पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. लेकरू बापाला खोटं म्हणायलंय. मग हाताला धरून घिऊन गेली, दोन्ही पानं दावली, शिरा मोजून दावल्या. म्या बघतच ऱ्हायलो सर.” तो गाड्याला टेकला. त्याचा आवाज उतरला. “म्या चौथी नापास. पोरगी शाळंत जाती, वह्या भरती, म्हणलं भरंना. पर ती शिकायली त्येचा काय उपेग, हे मला ह्या दसऱ्याला कळलं बगा. घरात म्हणून टाकलं, हिला मधेच काढायचं न्हाई. कॉलेजपस्तोर शिकवायचं. आनि तुमच्या हाताखालीच.”

चहा आला. आनंदराजांच्या हातात अजून नागुबाईनं दिलेलं पान होतं. ग्लास घ्यायला त्यांना ते गाड्याच्या कडेला ठेवावं लागलं, व्यंकटीच्या जुड्यांशेजारी. बोलायला हवं होतं ते आता, इथं. व्यंकटी, तू झाड मारलंस. पण व्यंकटीनं काय मारलं होतं? त्याला कुणीतरी खरं-खोटं शिकवलं होतं आणि तो खोटं टाकून खऱ्याकडं गेला होता. शाळा याहून वेगळं काय सांगते? आणि आत्ता त्याला ते सांगितलं तर संध्याकाळी घरी जाऊन तो मुलीला काय म्हणेल? तुझ्या सरांनी मला चौकात कमीपणा आणला. मग त्या कॉलेजपर्यंतच्या वचनाचं काय होईल? की हा सगळा हिशेब आपण आपलं तोंड वाचवायला करतोय? त्यांनी चहा पटपट पिऊन टाकला, जीभ भाजली.

“पुढल्या साली आधीच सांगा सर,” व्यंकटी मागून म्हणाला, “अजून कुठं कुठं हायती ते. आपण समदे गोळा करू.”

तारामतीबाईंनी सरकारी दवाखान्यात आयुष्यभर परिचारिकेचं काम केलं होतं. माणूस घरात शिरतानाच त्याचं काय दुखतंय ते त्यांना कळे, आणि कळलं तरी लगेच विचारायचं नाही एवढा संयमही होता. दोन दिवस त्यांनी नवऱ्याला पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघू दिलं. मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “शनिवारी जाणार हाव ना?”

“जाईन. तारा, मी तुला त्या शनिवारी जेवताना सांगितलं होतं ना, वर्गात काय काय झालं ते? तोडू नका, असं मी म्हटल्याचं काही बोललो होतो का?”

“समदं बोललाव. पोरं कशी वरडली ते तर दोनदा सांगितलंव.” त्यांनी एक शेंग मोडून पाहिली, जून निघाली, बाजूला टाकली. “त्ये न्हाई सांगितलं.”

“मुलांना सांगायला हवं. काय झालं ते.”

“सांगा की. पर येक इचारू? लेकरांसाठी सांगायचंय, का तुमचं वझं उतरवायला?”

तारामतीबाई निवडलेल्या शेंगा उचलून आत गेल्या. सांगितलं तर रेणुकाच्या चेहऱ्यावर काय होईल ते आनंदराजांना दिसत होतं. त्या मुलीनं बापाचा हात धरून त्याला नेलं होतं, बापाला पहिल्यांदा ती मोठी वाटली होती, आणि तिच्या त्या मोठेपणाखाली झाड पडलं होतं. न सांगितलं तर ती पुढच्या वर्षीही त्याच अभिमानानं कुणाला तरी हाताला धरून नेईल. दोन्हींकडून शिक्षा तिलाच. त्यांनी आयुष्यात चुकीची उत्तरं खूप तपासली होती, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराच्या मागं मुलाचं काहीतरी बरोबर असतं ते शोधून काढायचं, ही त्यांची ख्याती होती. पण उत्तर पूर्ण बरोबर असताना चूक कुठं लिहायची, हे कधी शिकावं लागलं नव्हतं.

शनिवारी ते मुलांना पुन्हा रिंग रोड ओलांडून घेऊन गेले. वाटेत कुणाला काही सांगितलं नाही. झाड दिसताच वीरेश ओरडला, “आयला, टक्कल!” आणि सगळी हसली. मग हसू एकेकाचं विरत गेलं, कारण सर हसले नव्हते. सोललेली जागा आता काळी पडायला लागली होती. नागुबाई घरी गेली होती. नुसती शेळी बांधलेली होती, उन्हात.

“हे माझ्यामुळं झालं,” आनंदराज म्हणाले.

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. “तुम्ही कुठं तोडलंव सर?” वीरेश म्हणाला, त्यांची बाजू घेत. “तुम्ही तर इथं नव्हतावच. आमी तोडलं. म्या दोन डहाळ्या. ह्यानं येक. मोठ्या फांद्या तर रेणीच्या पप्पानं…” बोलता बोलता त्याला कळलं आणि तो गप्प झाला, पण वाक्य पोचलेलं होतं. रेणुका खोडाजवळ उभी होती. ती रडली नाही. ती सालीच्या लोंबत्या पट्ट्याकडं बघत होती, आणि तिच्या कपाळावर ती बारीक आठी पडली होती, जी गणितात हातचा चुकला की पडे.

“सर, मग त्या दिशी तुम्ही शाब्बास कामून म्हणलाव?”

शेळी ओरडली. आनंदराजांच्या मनात पुष्कळ उत्तरं आली आणि सगळी मोठ्या माणसांची होती. “कारण पान खरं होतं,” ते म्हणाले. “तुझं उत्तर बरोबर होतं.”

“मग?”

“मग काही नाही. तोडायचं नाही हे सांगायचं राहून गेलं.” आपल्याच कानाला ते वाक्य कसं ऐकू आलं ते त्यांना जाणवलं, राहून गेलं, जणू छत्री राहून गेली. “राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही. लोकांचं सोनं खोटं ठरतंय, याची मला मजा वाटत होती. त्या मजेत माझं झाडाकडं लक्ष नव्हतं.”

यातलं मुलांना किती कळलं, कुणास ठाऊक. “मजा तर आमालाबी आली सर,” वीरेश हळूच म्हणाला. आता कुणी हसलं नाही.

“पप्पाला सांगणार का तुम्ही?” रेणुकानं विचारलं.

“तू म्हणशील तसं.”

आनंदराजांनी तिला वेळ दिला, कारण तेवढं एक त्यांना येत होतं. “नको,” शेवटी ती म्हणाली. “मीच सांगते. पर आत्ता न्हाई. आत्ता ते लई खूश हायत.” मग तिनं तो लोंबता पट्टा उचलून खोडाला लावून पाहिला, जखमेवर पट्टी धरावी तसा, हात काढल्यावर तो पुन्हा खाली पडला. तिनं आणखी एकदा लावला नाही.

वीरेशला हे सहन होईना. सरांचा चेहरा, रेणुकाचा चेहरा, सगळा वर्ग मुका. असल्या शांततेत तो कधी राहिलेला नव्हता. “सर, तुम्ही वाईट वाटून घिऊ नका,” तो पुढं येऊन म्हणाला. “आमच्या मामाच्या गावाला हाय येक. मुखेडकडं. लई मोठा, ह्येच्या दुप्पट. म्या सुट्टीत बघितलाय, पान उलटं करून बोट फिरवून बघितलंय, खराच हाय. तिथं माळावर, ते टेकाड हाय ना, त्येच्या…”

“वीऱ्या, गप,” रेणुका म्हणाली. “सांगू नको.”

“अगं, सर हायत.”

“सरांना बी न्हाई.”

ती उद्धटपणे म्हणाली नव्हती. आनंदराजांकडं बघूनही म्हणाली नव्हती. वीरेश तोंड उघडं ठेवून दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. आनंदराजांच्या ओठांवर प्रश्न आले होते: कुठल्या गावाचा माळ, झाड टेकाडाच्या कुठल्या अंगाला, फुलं कधी येतात, बुंधा दोघांच्या कवेत मावतो का. आयुष्यभर अशाच प्रश्नांवर त्यांनी पोरांना बोलतं केलं होतं. त्यांनी ते गिळले आणि घड्याळ पाहून म्हणाले, “चला. शाळा सुटायची वेळ झाली.”

रांग निघाली. रस्ता ओलांडताना त्यांनी नेहमीप्रमाणं मधे उभं राहून हात आडवा धरला, ट्रक थांबवला, सगळी पलीकडं गेली. मग मुलं पुढं आणि ते मागं, असे कॉलनीच्या रस्त्याला लागले. वीरेशच्या पोटात काही ते राहिनासं झालं होतं. तो रांग मोडून रेणुकाजवळ गेला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि आडवा हात धरून कुजबुजायला लागला. त्याची कुजबुज नेहमीच चार पावलांवर ऐकू येई. आनंदराजांनी चाल मंद केली, आणि तरी अंतर पुरेना, तेव्हा चपलेचा पट्टा नीट करायला म्हणून रस्त्याच्या कडेला वाकले, आणि गावाचं नाव सांगून होईपर्यंत तसेच वाकून राहिले.